नाल्याचं बिल

2016 च्या मे महिन्यात रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे 4 कोटी रुपयांचं बिल दिलं. दुष्काळात मिरजेहून तोवर आणलेल्या 6 कोटी 20 लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचं ते बिल होतं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, दहा वाघिणी आणि 5 लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला 25 लाख लिटर आणू लागली. 4 कोटींना 6 कोटी 20 लाखांनी भागलं, तर हजार लिटरमागे सुमारे 645 रुपये पडतात. हे फक्त भाडं. मिरजेत पाणी उपसणं, शुद्ध करणं, लातुरात उतरवून टँकरने वाटणं, यांचा खर्च वेगळा.

आता दुसरा हिशेब मांडू. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 83 हजार होती. ज्या शहरात भुयारी गटारं नाहीत, तिथे माणशी रोज 70 लिटर पाणी द्यावं, असा केंद्राच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेचा निकष आहे. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं इंजिनिअर धरून चालतात. म्हणजे बऱ्या पावसाच्या वर्षी, नळाला ठरल्याप्रमाणे पाणी आलं, तर लातुरातून रोज 2 कोटी 14 लाख लिटर सांडपाणी निघतं. मिरजेच्या आठ गाड्या भरूनही उरेल इतकं हे पाणी आहे, आणि ते रोज निघतं. यातलं हजार लिटर पाणी शेतीला किंवा कारखान्याला चालेल इतकं स्वच्छ करण्याचा चालू खर्च दहा-वीस रुपयांच्या घरात येतो.

645 रुपये आणि दहा-वीस रुपये. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की सांडपाणी प्रक्रियेवर पैसा खर्च करावा की नाही, या प्रश्नात फारसं काही उरत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. हा पैसा कोणी, कधी आणि कोणत्या खात्यातून द्यायचा? मराठवाड्यातली दोन शहरं या प्रश्नापुढे दोन वेगळ्या वाटांनी आली. नांदेड गोदावरीच्या काठावर वसलं आणि त्याला केंद्राचा पैसा लवकर मिळाला. लातूरला घाट असलेली नदी नाही, मोठा पैसाही त्याच्या वाट्याला उशिरा येतो आहे. दोघांचंही पाणी शेवटी एकाच ठिकाणी जातं. मांजरा आणि गोदावरी तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीला मिळतात, आणि तिथून ते पाणी श्रीरामसागर धरणात उतरतं.

पैशाकडे वळण्यापूर्वी तो कशावर खर्च होतो, ते बघायला हवं. मलनिस्सारण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, येतो: मोठाल्या गोल टाक्या, फेसाळणारं पाणी, कोनशिला. पण एसटीपी हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांत महाग दुवाही नाही. मोठा पैसा जातो तो रस्त्याखालच्या नळांवर. गल्लीतली छोटी लाईन, ती जिथे मिळते ती मोठी लाईन, दर काही मीटरवर चेंबर, सखल भागात पंपिंग स्टेशन, तिथून एसटीपीपर्यंत पाणी ढकलणारी वाहिनी. आणि या सगळ्याच्या आधी, घराच्या मोरीपासून रस्त्यातल्या चेंबरपर्यंतचा आठ-दहा मीटरचा तुकडा. योजनेत या तुकड्याची सोय नसेल, तर तो घरमालकाने स्वतःच्या खर्चाने जोडायचा असतो. दारापुढची नाली फुकट वाहत असताना बरेच जण तो जोडत नाहीत. रस्त्याखाली कोट्यवधींची लाईन कोरडी पडून राहते आणि सांडपाणी पूर्वीसारखंच नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं.

भुयारी गटार चालायला पाणीही लागतं. नळातली घाण तळाशी बसू नये म्हणून प्रवाहाचा वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर असावा, असा नियम आहे. म्हणूनच नियमपुस्तिकेत भुयारी गटार नसलेल्या शहराला माणशी 70 लिटर आणि गटार असलेल्या शहराला 135 लिटर पाणी धरलेलं आहे. लातूरसारख्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. अशा शहरासाठी पुण्याच्या मापाने गटारांचं जाळं आखलं, तर ते तुंबणारच. लातूरच्या कोणत्याही योजनेत पैशाइतकाच हाही विचार पहिल्या पानावर असायला हवा. माझ्या पाहण्यात असे आराखडे पुष्कळदा शहराच्या स्वभावाकडे न पाहता अनुदानाच्या निकषांकडे पाहून बनवले जातात.

आता नांदेड. 3 डिसेंबर 2005 रोजी केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. देशातली साठाच्या वर निवडक शहरं त्यात होती. त्यातली बहुतेक महानगरं किंवा राज्यांच्या राजधान्या होत्या. त्या यादीत नांदेडसारखं मराठवाड्यातलं मध्यम शहर बसलं ते धार्मिक महत्त्वामुळे. 2008 साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा होता. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं, त्याला तीनशे वर्षं होत होती. देशोदेशींचे भाविक येणार होते. रस्ते, पूल, घाट, पाणी आणि ड्रेनेज यांची कामं एकाच वेळी सुरू झाली. ती वर्षं पाहिलेल्या नांदेडकरांना शहराचा चेहरा किती झपाट्याने बदलला, हे आठवत असेल.

या अभियानात पैशाची वाटणी शहराच्या आकारावर ठरली होती. 40 लाखांहून मोठ्या शहराला केंद्र 35 टक्के देत असे. 10 लाखांच्या आतल्या शहराला मात्र 80 टक्के केंद्राचे, 10 टक्के राज्याचे आणि 10 टक्के शहराचे, अशी वाटणी होती. 2001 साली नांदेडची लोकसंख्या 4 लाख 30 हजारांच्या आसपास होती. म्हणजे 100 रुपयांच्या गटारासाठी नांदेड महापालिकेला आपल्या खिशातून 10 रुपये घालायचे होते. इतकी सवलत या शहराला नंतरच्या कोणत्याही मोठ्या केंद्रीय योजनेत मिळाली नाही.

त्या 80 रुपयांबरोबर एक अटही होती. सात वर्षांत पाणी आणि मलनिस्सारणाच्या देखभाल-दुरुस्तीचा पूर्ण खर्च वापरकर्त्यांकडून वसूल करायचा, असं वचन प्रत्येक शहराने केंद्राला लिहून दिलं होतं. अनुदान फक्त बांधकामाला होतं. वीज, क्लोरीन, ऑपरेटर, पंपांची दुरुस्ती, गाळ उचलणं, यांतला एक रुपयाही त्यात नव्हता. शेतकऱ्याला बैलजोडी बक्षीस मिळावी आणि कडब्याची तजवीज त्याने स्वतः करायची असावी, तसं हे होतं. कडब्याची तजवीज देशात फार थोड्या शहरांनी केली.

नांदेडकडे आज बोंढारला 87 एमएलडी आणि एलिचपूरला 30 एमएलडी क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. एक एमएलडी म्हणजे रोज 10 लाख लिटर. दोन्ही मिळून 117 एमएलडी. 2011 मध्ये शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. माणशी 135 लिटर आणि त्याच्या 80 टक्के सांडपाणी धरलं, तर रोज सुमारे 59 एमएलडी सांडपाणी होतं. शहर त्यानंतर वाढलं, पुढेही वाढेल, आणि अशी केंद्रं पुढच्या तीसेक वर्षांच्या अंदाजाने बांधतात. तरीही कागदावर क्षमता गरजेपेक्षा बरीच मोठी आहे. मग गोवर्धन घाटापासून पुढे गोदावरीत उतरणारे नाले अजून का वाहतात? कारण शहराच्या पोटातलं सांडपाणी सगळंच्या सगळं त्या केंद्रांपर्यंत जात नाही. कुठे घराची जोडणी नाही, कुठे मधली लाईन अपुरी आहे, कुठे नाला अडवून वळवण्याची व्यवस्था पावसाळ्यात निकामी होते, कुठे पंप बंद पडतो. पंपिंग स्टेशनचा पंप थांबला की पाणी थांबत नाही. ते जवळच्या नाल्यात सोडण्यावाचून ऑपरेटरपुढे दुसरा मार्ग नसतो.

ही गोष्ट एकट्या नांदेडची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च 2021 मध्ये देशभरच्या प्रक्रिया केंद्रांची यादी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्राच्या शहरांतून रोज 9,107 एमएलडी सांडपाणी निघतं, असा अंदाज आहे. उभारलेली क्षमता 6,890 एमएलडी आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती 4,242 एमएलडीवर. हे आकडे नीट वाचावेत अशी माझी विनंती आहे. बांधलेली केंद्रं जरी पूर्ण चालवली असती, तरी आणखी 2,600 एमएलडीहून जास्त पाणी स्वच्छ झालं असतं, एकही नवी वीट न रचता. राज्यातल्या घाणीचा मोठा हिस्सा बांधकामाच्या अभावाने नाही, चालवण्याच्या अभावाने नदीत जातो. आणि तरी प्रत्येक अर्थसंकल्पात आपण नव्या बांधकामाचीच घोषणा ऐकतो. चालवण्याच्या पैशाचं भूमिपूजन होत नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात राहत नाही.

नांदेडच्या गोदावरीची अडचण अजून एका कारणाने अवघड आहे. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे. शहर तिथूनच पाणी पितं. पावसाळा संपला की पाणी अडवलं जातं आणि खालच्या पात्रात स्वतःचा असा प्रवाह जवळजवळ उरत नाही. घाटांपुढे दिसणारं पाणी त्या महिन्यांत बऱ्याच अंशी शहराने सोडलेलं असतं. सांडपाण्याचे जगभरचे निकष मात्र वाहत्या नदीच्या भरवशावर जन्मले आहेत. इंग्लंडच्या रॉयल कमिशनने 1912 मध्ये घालून दिलेला निकष असा होता, की प्रक्रिया केलेल्या पाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत चालेल. पण त्यात गृहीत होतं, की त्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असेल. आपल्याकडे अनेक वर्षं सामान्य निकष 30 मिलिग्रॅमचा होता. 30 एप्रिल 2019 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो 10 वर आणण्याचा आदेश दिला. नदीत स्नान करण्यासाठी पाण्याचा बीओडी 3 च्या आत असावा लागतो. म्हणजे उद्या नांदेडच्या नाल्यांतला प्रत्येक थेंब केंद्रात नेऊन 10 पर्यंत स्वच्छ केला, तरी उन्हाळ्यात वर आठपट पाणी नसल्याने घाटावरचं पाणी स्नानाच्या निकषात बसणार नाही. ज्या शहरात लाखो भाविक श्रद्धेने नदीत उतरतात, तिथे हे मान्य करण्यासारखं नाही.

यातून सुधारणेचा खर्च सुरू होतो. 30 च्या निकषाने आखलेलं केंद्र 10 वर न्यायचं, तर आणखी हवा लागते, नत्र-स्फुरद काढण्याची सोय लागते, शेवटी गाळणी आणि निर्जंतुकीकरण लागतं. हवा म्हणजे ब्लोअर, आणि ब्लोअर म्हणजे वीज. 1914 मध्ये मँचेस्टरच्या डेव्हिहल्म केंद्रात आर्डेन आणि लॉकेट यांनी जिवंत गाळाची पद्धत दाखवली, तेव्हापासून आजपर्यंत या व्यवसायाचा गाभा तोच आहे: जंतूंना हवा द्या, ते घाण खातील. हवा बंद झाली की काही तासांत टाकीतले जंतू मरू लागतात आणि ती पुन्हा रुळावर यायला कित्येक दिवस लागतात. म्हणून एसटीपीचं वीजबिल हे रस्त्यावरच्या दिव्यांच्या बिलासारखं दोन महिने पुढे ढकलता येत नाही.

नांदेडच्या घराघरावर हा खर्च किती पडेल? रोजचे 59 एमएलडी आणि जुन्या निकषापुरता हजार लिटरला 5 रुपये असा कमीत कमी दर धरू. दिवसाला सुमारे 3 लाख, वर्षाला पावणे अकरा कोटी रुपये. साडेपाच लाख लोकांची, घरटी पाच माणसं धरून, 1 लाख 10 हजार घरं होतात. प्रत्येक घरामागे वर्षाला हजारच्या आसपास, महिन्याला 80 ते 85 रुपये. हा माझा अंदाजी हिशेब आहे. प्रत्यक्षात नव्या निकषामुळे दर दुप्पट झाला, तरी महिन्याला पावणे दोनशे रुपयांच्या आत राहतो. मोबाईलच्या रिचार्जपेक्षा हा आकडा कमी आहे. तरी शहरात कोणत्याही पक्षाने निवडणुकीच्या सभेत तो उच्चारला आहे, असं मला आठवत नाही.

कर लावण्याचा अधिकार महापालिकेला आहे. घरपट्टीच्या बिलात मलप्रवाहाचा कर असतो, पाणीपट्टी वेगळी असते. पण हे पैसे सामान्य तिजोरीत जातात आणि तिथून पगार, निवृत्तिवेतन, कचरा आणि दिवे यांच्या मागे लागून संपतात. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, 2017 मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकांची मोठी कमाई राज्याकडून दरमहा येणाऱ्या भरपाईवर अवलंबून आहे. मालमत्ता कराची थकबाकी साचते, मग शास्तीमाफीची योजना येते, आणि वेळेवर भरणाऱ्याला आपण चुकलो असं वाटू लागतं. 2022 मध्ये नांदेड आणि लातूर दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात निवडून आलेलं सभागृह नव्हतं. अशा वेळी करवाढीचा निर्णय घेणं लोकशाहीला धरून होत नाही, आणि निर्णय न घेतला तर प्रक्रिया केंद्र चालत नाही. लोकांना विचारून कर लावायचा, तर विचारणारं सभागृह हवं.

लंडनने ही गाठ 1858 मध्ये सोडवली. त्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनात शिरली आणि काही आठवड्यांत कायदा झाला. 30 लाख पौंडांचं कर्ज काढायचं आणि ते फेडण्यासाठी शहरातल्या घरांवर 40 वर्षं तीन पेन्सचा कर बसवायचा. इंजिनिअर बॅझलजेटने बांधलेली ती गटारं आजही वापरात आहेत. पैशाच्या बाबतीत त्यात दोन गोष्टी होत्या: कर्ज लांब मुदतीचं होतं, कारण गटाराचं आयुष्य लांब असतं. आणि ते फेडण्यासाठी एक निश्चित कर आधीच बांधून ठेवलेला होता, दुसऱ्या कशाकडे वळवता येणार नाही असा.

आपण मात्र अनुदानाची वाट पाहत राहिलो, आणि तेवढ्यात अनुदानाचा वाटा आकसत गेला. 25 जून 2015 रोजी अमृत अभियान आलं, 500 शहरांसाठी. महाराष्ट्रातल्या 44 शहरांत नांदेड आणि लातूर दोन्ही होती. तिथे 10 लाखांच्या आतल्या शहराला केंद्राचे 50 टक्के. 1 ऑक्टोबर 2021 ला अमृत 2.0 सुरू झालं. त्यात 1 लाख ते 10 लाख लोकसंख्येच्या शहराला केंद्राचा फक्त एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश राज्याने आणि शहराने घालायचे. 80, मग 50, मग 33. पंधरा-सोळा वर्षांत केंद्राचा हात निम्म्याहून अधिक मागे गेला. ज्या शहरांनी गटारांचं काम लांबवलं, त्यांना ते शतपट महाग पडलं असं मी म्हणणार नाही, पण स्वतःच्या खिशातला हिस्सा मात्र निश्चित वाढला. लातूर त्यांच्यातलं आहे. 2011 मध्ये नगरपालिकेची महापालिका झालेलं, ड वर्गातलं हे शहर आहे. त्याची स्वतःची कमाई बेताची आणि पाण्यावरचा खर्च आधीच मोठा.

उरलेला हिस्सा आणायचा कुठून? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दहा लाखांच्या आतल्या शहरांना दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम स्वच्छता आणि पाणी यांच्यासाठी बांधून ठेवली. दोघांना अर्धी-अर्धी. ती रक्कम मोठी नव्हती, पण दरवर्षी येणारी होती, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नागरी पायाभूत विकास निधी जाहीर झाला. वर्षाला 10,000 कोटी रुपये, राष्ट्रीय आवास बँकेमार्फत, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या शहरांसाठी, बँकदरापेक्षा दीड टक्का कमी व्याजाने. नांदेड आणि लातूर यात बसतात. पुण्याने 2017 मध्ये 200 कोटींचे रोखे काढले, तसे रोखे ही शहरं एकेकटी काढू शकणार नाहीत. त्यांच्या पतीवर गुंतवणूकदार विश्वास ठेवणार नाहीत. पण तामिळनाडूने 2002 मध्ये तेरा छोट्या शहरांची मोट बांधून 30 कोटींचे रोखे विकले होते, राज्याच्या आधाराने. मराठवाड्यातल्या परभणी, बीड, लातूर, नांदेड, धाराशिव यांची अशी मोट का बांधू नये? प्रत्येकाची गरज एकसारखी आहे, बहुतेकांच्या नद्याही शेवटी एकमेकींना मिळतात.

कर्ज असो की अनुदान, ठेकेदाराला पैसे कसे द्यायचे हा प्रश्न त्याहून मोठा आहे. नेहमीच्या पद्धतीत बांधकाम संपलं की बिल निघतं आणि ठेकेदार जातो. गंगेच्या स्वच्छतेसाठी केंद्राने 2016 मध्ये दुसरी पद्धत मंजूर केली. बांधकामाच्या वेळी 40 टक्के रक्कम द्यायची, उरलेले 60 टक्के पुढची 15 वर्षं, आणि तेही बाहेर पडणारं पाणी निकषात बसलं तरच. अशा करारात प्रक्रिया केंद्र बंद ठेवणं ठेकेदाराला परवडत नाही. नांदेडच्या केंद्रांची पुढची दुरुस्ती आणि लातूरचं पुढचं काम याच पद्धतीने व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाई या छोट्या शहराने आणखी एक वाट दाखवली. भुयारी गटारं परवडत नाहीत, म्हणून तिथल्या नगरपालिकेने 2018 पासून प्रत्येक घराची सेप्टिक टँक ठरावीक वर्षांनी रिकामी करण्याचं वेळापत्रक बसवलं. तक्रार आली की गाडी पाठवायची, ही जुनी पद्धत सोडून गल्लीगल्लीने गाडी फिरवायची. गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. खर्च स्वच्छता करातून. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही तेच केलं. लातूरसारख्या शहरात, जिथे सगळीकडे गटारं टाकण्याइतकं पाणीच नाही, तिथे दाट वस्तीत गटार आणि विरळ वस्तीत सेप्टिक टँकचं वेळापत्रक, अशी मिश्र योजना निम्म्या पैशांत निम्म्याहून जास्त काम करू शकेल.

पण लातूरसाठी सर्वांत आशेची वाट नागपूरची आहे. 2008 मध्ये नागपूर महापालिका आणि राज्याची वीजकंपनी महानिर्मिती यांच्यात करार झाला. भांडेवाडीला 130 एमएलडी क्षमतेच्या एसटीपीत स्वच्छ केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजनिर्मिती केंद्राला द्यायचं. उभारणीच्या खर्चातले 90 कोटी नेहरू अभियानातून आले, उरलेले महानिर्मितीने घातले, आणि सांडपाण्यापोटी ती महापालिकेला वर्षाला 15 कोटी रुपये देऊ लागली. सांडपाणी ही खर्चाची बाब होती, ती जमेच्या रकान्यात गेली. 2016 च्या वीजदर धोरणाने तर 50 किलोमीटरच्या आत एसटीपी असलेल्या औष्णिक केंद्रांना प्रक्रिया केलेलं पाणी वापरणं सक्तीचं केलं. उत्तर प्रदेशातल्या गाझियाबादने 2021 मध्ये 150 कोटींचे हरित रोखे काढले, तेही साहिबाबादच्या कारखान्यांना असंच पाणी विकण्याच्या भरवशावर. ग्राहक आधी, रोखे नंतर.

लातूरपाशी कोराडीएवढा एकच मोठा ग्राहक नाही. पण एमआयडीसी आहे, हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, आणि भोवताली पाण्याला आसुसलेली शेती आहे. मांजरेचं पाणी शहर, कारखाने आणि ऊस यांच्यात वाटताना दर उन्हाळ्यात भांडणं होतात. कारखान्यांनी शहराचं वापरलेलं पाणी घेतलं, तर धनेगावच्या धरणातलं तेवढं ताजं पाणी पिण्यासाठी राखलं जाईल. अमृत 2.0 मध्ये शहराच्या एकूण गरजेच्या 20 टक्के आणि उद्योगांच्या 40 टक्के पाणी पुनर्वापरातून भागवण्याचं उद्दिष्ट आहे. लातूरला ते इतर कोणाहीपेक्षा आधी गाठावं लागेल. म्हणून लातूरच्या आराखड्यात पहिलं पान ग्राहकांच्या यादीचं असावं, कोण किती पाणी कोणत्या दराने घेणार याच्या लेखी करारासह. प्रक्रिया केंद्राची क्षमता त्यावरून ठरावी आणि निविदा सगळ्यात शेवटी निघावी.

हे न करण्याचीही किंमत आता रुपयांत मोजली गेली आहे. 8 सप्टेंबर 2022 रोजी हरित न्यायाधिकरणाने सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या हयगयीपोटी महाराष्ट्रावर सुमारे 12,000 कोटींची पर्यावरण भरपाई लावली. सांडपाण्याचा हिशेब प्रक्रियेविना राहणाऱ्या दर एमएलडीमागे 2 कोटी असा होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातल्या 311 प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी 55 महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त.

नांदेडमध्ये घरांची जोडणी आणि चालू खर्चाचा बंदोबस्त आधी व्हावा, नव्या केंद्राचा विचार नंतर. लातुरात ग्राहकांशी करार आधी व्हावेत. दोन्ही शहरांत मलप्रवाहाच्या कराचं खातं वेगळं असावं, त्यातला रुपया दुसरीकडे वळू नये, आणि त्याचा हिशेब दरवर्षी वर्तमानपत्रात यावा. महापालिकेचा अर्थसंकल्प कोणालाही पाहता येतो. या वर्षी तो उघडा, मलनिस्सारणाच्या पानावर बांधकामाला किती आणि चालवायला किती हे दोन आकडे शोधा, आणि तुमच्या प्रभागात मत मागायला येणाऱ्याला ते विचारा.